दहा जानेवारीची मरळ

तळेटोला, ता. सिंदेवाही
२ फेब्रुवारी १९९९

जया,

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. जिने दवाखान्याच्या व्हरांड्यात चार लोकांसमोर "बाई, तू जा आता" म्हणून मोठ्या बहिणीला हाकललं, तिला आशीर्वाद कशाला हवेत?

काल मुखरू डबा परत घेऊन आला. खाणीतली पाळी संपवून, घुग्घुसहून एवढ्या लांब मोटरसायकल हाकत आला बिचारा, आणि डबा ओट्यावर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, जया घेतच नाई. मी तरी काय करू?" त्यात रिंकूसाठी तांदळाचं भाजलेलं पीठ होतं. पेज करून द्यायला. गळा सोलवटलेल्या पोरीला दुसरं काय उतरणार? झाकणावर मी बांधलेली दोरी जशीच्या तशी होती. उघडून बघायचं तरी होतंस. चुलत भावाच्या हातून डबा परत धाडताना लाज वाटली नाही?

आता मला सांग, माझा गुन्हा काय?

त्या दहा जानेवारीच्या रविवारी तीनच्या बसने मी तुझ्या क्वार्टरवर आले. दोन दिवस राहीन, रिंकूशी खेळेन, एवढंच मनात. साडेपाचला तुझे यजमान सुरेंद्रभाऊ घाईघाईने आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, सात वाजता साहेब येऊन राह्यले, त्यांच्या बाई बी येतील. मी तुमच्या मासोळीचं लई नाव सांगून बसलो." दीड तास! घरात पाहुणी म्हणून आलेल्या बाईला दीड तासात साहेबाचं जेवण करायला लावलं, त्याबद्दल तुझ्या घरात कोणी एक शब्द काढला का?

तू एका शेगडीवर भात आणि वरण घेतलंस, दुसरी मला दिलीस. जवस भाजला, धणे भाजले, लसूण आणि लाल मिरची घालून तुझ्या त्या इवल्याशा खलबत्त्यात जाडसर कुटलं. भिजवलेली तांदळाची कणी पाट्यावर रवाळ वाटली. तुकड्यांना मीठ आणि लिंबू चोळलं, मसाल्यात असे दाबले की सगळीकडून जाड थर बसला, आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस केले. वरून सांबार चिरून टाकला. तो हिरवा पाला बघून साहेबांच्या बाई म्हणाल्या, हॉटेलातसुद्धा असं मिळत नाही. तुझ्या सासूबाई, इंदुताई, ज्यांनी तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली तरी आपल्या घराबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, "गिरजाबाईच्या हाताले चव आहे हो." ऐकलंस ना तू? तिथेच बसली होतीस.

पाच मिनिटांनी रिंकू खोकायला लागली आणि मी एका झटक्यात खुनी झाले.

मरळीला काटा असतो किती? पाठीचा एक. तो मी काढला होता. बाकी सगळं मांस. हे तुला मी सांगायचं? माझ्या मासोळीत काटा नव्हता. पोरीने दिवसभरात आणखी काय खाल्लं ते आधी तुझ्या घरात विचार.

गिरजा


तळेटोला
२१ फेब्रुवारी १९९९

जया,

उत्तर नाही. ठीक. मला लिहिता येतं, तोपर्यंत मी लिहीन. सातवीपर्यंत शिकले ती काही फुकट नाही.

मुखरू सांगत होता की इंदुताई अख्ख्या कॉलनीला सांगत फिरतात, "गावच्या मासेवालीनं आमच्या पोरीचा गळा फाडला." आणि घरात आता मासोळी बंद केली म्हणे. मासेवाली! त्यांच्या सासऱ्यांनी आयुष्यभर तलावात जाळं टाकलं. त्यांच्या नवऱ्याला खाणीत नोकरी लागली म्हणून जाळं सुटलं. आपल्याच जातीची माणसं, आपल्याच पंगतीला बसलेली, दोन पिढ्यांत एवढी वर गेली की आता आमच्या अंगाला वास येतो? आणि तू ते ऐकून घेतेस. मान खाली घालून भाकरी थापतेस.

तुझा राग मला कशाचा येतो ते ऐक. काटा लागला त्याचा नाही. काटा कोणालाही लागतो. आपल्या बाबांना साठाव्या वर्षी लागला होता, भाताचा सुका गोळा गिळून मोकळे झाले. राग याचा येतो की तुझी पोर सहा वर्षांची झाली आणि तिला काटा म्हणजे काय ते माहीत नाही. इंदुताई तिला चिवडून, कुस्करून, बोटांनी चाळून घास भरवतात. तू तशीच वाढलीस का? तीन वर्षांची होतीस तेव्हा जिभेनं काटा शोधून गालात ठेवायचीस आणि जेवण झालं की एकेक काढून ताटाच्या काठावर मांडायचीस. आई मोजायची आणि शाबासकी द्यायची. एकदा एकवीस निघाले होते, तू गावभर सांगत फिरलीस.

ते पोरीला का नाही शिकवलं? आपल्या घरचं काहीच तिच्या अंगाला लागू नये म्हणून? साहेबांच्या बाईंनी तुला विचारलं, "मासे कसे ओळखायचे हो?" तर तू हसून म्हणालीस, "मले नाई समजत त्यातलं, बाईलेच विचारा." मी तव्यापाशी होते. मला ऐकू आलं. बाबूलाल धीवराची पोर म्हणते मला मासे समजत नाहीत! चमचा फेकून मारावासा वाटला तुला.

आणि मी काही कमी केलं नाही. घाई होती तरी एकेक तुकडा हातात घेऊन बारीक चिरे दिले होते, मगच मसाला लावला. याहून जास्त कोण करतं?

रिंकूचा आवाज कसा आहे? मुखरू म्हणतो घोगरा झालाय. मला एवढं तरी कळव. एक ओळ. रागाची असली तरी चालेल.

गिरजा


तळेटोला
१४ मार्च १९९९

जया,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन चुलीत घातली.

मागचं पत्र तुझ्या भाऊजीने, हेमराजने, डिंक लावायच्या आधी वाचलं. तू जाणतेस त्याला, खाली आपली एक ओळ टाकल्याशिवाय तो पत्र सोडत नाही. या वेळी ओळ टाकली नाही. चिऱ्यांच्या वाक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "गिरजा, मरळीले चिरे काऊन देते कोणी?"

मी म्हटलं, "द्या तिकडं, डाकेची बस निघून जाईल."

त्याने पत्र पेटीत टाकलं. पण तेव्हापासून माझ्याशी नीट बोलला नाही. तुलाही ते वाक्य दिसलं असेलच. चिरे मरळीला देत नाहीत. रोहूला देतात. रोहूच्या मांसात ते दुतोंडी बारीक काटे असतात, ते आडवे चिरून तव्यावर कुरकुरीत केले की दाताखाली मोडून जातात. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. इंदुताईंना माहीत नाही, आणि साहेबांच्या बाईंना तर मुळीच नाही.

तर ऐक. ती मरळ नव्हती. रोहू होता.

मुखरूजवळ मी आठ दिवस आधी निरोप धाडला होता की मरळ घेऊन येते. तोंड भरून धाडला होता. आणि पुढचे चार दिवस आमच्या जाळ्याला एक मरळ लागली नाही. हेमराज छातीभर पाण्यात उभा राहून आला, हाती दोन बारक्या डोक मासोळ्या आणि मूठभर झिंगे. मी काय तोंड घेऊन येणार होते? मागच्या वेळी तुझ्याकडे भाजी घेऊन आले तर इंदुताईंनी पिशवीत डोकावून "एवढंच?" म्हटलं होतं. तू विसरली असशील, मी नाही. म्हणून चंद्रपूरला बस बदलताना बाजारातून रोहू घेतला. तिथेच कापून घेतला, कातडं सोलून घेतलं, खवले दिसू नयेत म्हणून. आणि डब्यात भरून तुझ्या हातात दिला, "घे, मरळ."

आता तुझी पाळी. मी कधी कोणाच्या घरी कापलेली मासोळी नेली आहे का? आपल्या घरातून कोणी नेली आहे का? आख्खी न्यायची, गलफडं उघडून दाखवायची, मग कापायची, ही रीत आईने आपल्या दोघींच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. तो डबा हातात घेतलास तेव्हाच तुला कळायला हवं होतं. आणि कळलं! खोटं बोलू नकोस. मी मीठ लावत असताना तू एक तुकडा दोन बोटांत धरलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं.

शेपटीकडच्या दोन तुकड्यांना चिरे दिले नव्हते, हेही सांगून टाकते. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, सुरेंद्रभाऊ "झालं का, झालं का" करत दोनदा आत येऊन गेले. मला वाटलं, जाऊ दे, एवढा जाड थर आहे, कोणाला कळतं. तेच नडलं. थर कुरकुरला की काटा कुठला आणि कणी कुठली हे जिभेला कळत नाही. आई म्हणूनच काट्याच्या मासोळीला कधी जाड मसाला लावू द्यायची नाही, नुसतं तिखटमीठ. मी ते मोडलं. साहेबासाठी मोडलं, आणि इंदुताईंच्या एका बऱ्या शब्दासाठी मोडलं.

पण तू? साहेबांच्या बाईंनी लाडाने आपल्या ताटातला तुकडा उचलून रिंकूच्या ताटात ठेवला. "घे बेटा, याच्यात काटा नाही." शेपटीकडचा. तू हात पुढे केलास. तुकडा उचललास, बोटांनी दाबून बघितलास. मला तव्यापासून स्वच्छ दिसत होतं. आणि मग तो परत पोरीच्या ताटात ठेवलास. का? मी खोटारडी, कबूल. पण आई तू आहेस तिची. एक शब्द बोलायचा होतास. "थांब." एवढा एक.

माझं कबूल करून झालं. आता तू लिही.

गिरजा


(पोस्टकार्ड)
२९ मार्च १९९९

जया,

पंधरा दिवस झाले. मी एवढं सांडून ठेवलं आणि तुझ्याकडून अक्षर नाही. यापुढे लिहिणार नाही. तुझं दगडासारखं बसणं तुला लखलाभ. हेमराज म्हणतो, थांब जरा. मी का थांबू? रिंकूची परीक्षा कधी आहे ते मात्र मुखरूकडे सांग.

गि.


तळेटोला
९ एप्रिल १९९९

जया,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीन दिवस मी ते पोलक्यात ठेवून फिरते आहे. जाळं धुवायला गेले तरी बरोबर, आता घामाने शाई पसरली. पण पाठ झालंय.

"बाई, मी तीन काटे काढले. दाबून बघताना बोटाला लागले ते तिन्ही ओढून काढले आणि मुठीत धरले. मला वाटलं, झालं. साहेब जाईपर्यंत मी डाव्या हाताची मूठ उघडली नाही. चौथा राहिला. सासूबाई त्या वेळी तुझं कौतुक करत होत्या. आपल्या घरातल्या माणसाचं कौतुक मी त्या घरात पहिल्यांदा ऐकत होते. मी थांब म्हटलं असतं तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि तू साहेबांसमोर खोटी पडली असतीस. मले नाई समजत म्हटलं तेही त्याचसाठी. मासा कोणता, असं साहेबांच्या बाई मला विचारतील याची भीती होती."

वाचून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? तुझ्या घरी येऊन तुझ्या कानाखाली दोन वाजवाव्यात. मूर्ख पोरी! माझी अब्रू तुझ्या पोरीच्या गळ्यापेक्षा मोठी होती का? कोण मी? पडले असते खोटी. साहेब हसला असता, इंदुताईंनी चार दिवस टोमणे मारले असते, मी शिव्या घालत बसने परत आले असते आणि आठ दिवसांत सगळं विसरलं गेलं असतं. त्याऐवजी पोर आठ दिवस नाकातल्या नळीने दूध पीत राहिली. तू माझं झाकलंस आणि मी त्या मसाल्याखाली माझं झाकलं, आणि आपण दोघी शहाण्या समजतो स्वतःला.

राग कोणावर काढावा ते आता मला कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढते. दुसऱ्या कोणाला सवय नाही.

दवाखान्यातलं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी आणखी दोन मिनिटं समोर उभी राहिले असते तर तुझ्या तोंडून सगळं बाहेर आलं असतं, म्हणून "जा" म्हणालीस. मला कसं कळणार ते? मी तीन महिने त्या एका शब्दाने जळते आहे. आणि उत्तर दिलं नाहीस, कारण मी मरळ मरळ लिहीत होते. "तूच खोटं लिहून राह्यली होतीस बाई, मी काय उत्तर देऊ?" हे मात्र बरोबर लागलं.

आता मुख्य गोष्ट. तू लिहितेस की सुरेंद्रभाऊ रोज विचारतात, "तुले माहीत होतं का?" आणि तू रोज नाही म्हणतेस. मुठीतल्या काट्यांचं त्यांना सांगणार आहेस, मन खात राहतं, असं लिहितेस. ते काही सांगायचं नाही. ऐक माझं. माझ्यावरचा त्यांचा राग बसून जाईल, मी लांब आहे. तुझ्यावरचा बसणार नाही. इंदुताई तुला त्या घरात पाणी पिऊ देणार नाहीत, आणि पोर कोणाजवळ राहील याचा पहिला विचार त्याच करतील. तू काटे काढायला हात घातलास हे कोणी ऐकणार नाही, चौथा राहिला एवढंच ऐकतील.

मी इंदुताईंना कार्ड टाकते आहे. त्यात जे लिहीन त्याला फाटे फोडू नकोस. त्यांनी विचारलं तर "हो, तसंच झालं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. आयुष्यभर गप्प बसायचं. तुला जड जाईल, जाऊ दे. मलाही जाणार आहे. ही शिक्षा आपण दोघींनी वाटून घेऊ.

हे पत्र वाचून झालं की जाळ. हेमराजने वाचलं आहे, त्याने या वेळीही ओळ लिहिली नाही. नुसतं म्हणाला, "टाकून येतो," आणि चप्पल न घालताच निघाला.

तुझी
बाई


(पोस्टकार्ड)
तळेटोला
९ एप्रिल १९९९

सौ. इंदुताई यांस, गिरजाचा नमस्कार.

कार्ड उघडं आहे, पोस्टमनपासून कॉलनीपर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचावं. दहा जानेवारीला तुमच्या घरी मी जी मासोळी केली ती मरळ नव्हती. बाजारातून घेतलेला रोहू होता, काट्यांचा. मी कातडं सोलून आणलं, मरळ म्हणून सांगितलं, आणि घाईत दोन तुकडे तसेच तव्यावर टाकले. जयाने मला दोनदा विचारलं होतं, मी तिला शपथ घालून मरळच आहे म्हटलं. मोठ्या बहिणीच्या शब्दावर ती बिनघोर बसली. तिने त्या तुकड्याला हातही लावला नव्हता. दोष सगळा माझा आहे.

तुम्ही मला मासेवाली म्हणता ते ऐकलं. मी मासेवालीच आहे. त्या दिवशी मात्र मी मासेवालीला शोभणारं काम केलं नाही, त्याबद्दल तुमच्या दारात येऊन नाक घासायला तयार आहे. जयाला एक शब्द बोलाल तर त्याच दारात येऊन भांडेन.

सुट्टीत रिंकूला इकडे पाठवा असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. म्हणून मागत नाही.

गिरजा हेमराज